लांबच्या कॅमेऱ्याला एकाच केबलमधून वीज आणि नेट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या सोसायट्या, शाळा आणि गोदामांमध्ये कॅमेरे, वाय-फाय आणि इंटरकॉमची जोडणी करण्याचं आमचं काम आहे. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. 'केबलमधून वीज' म्हणजे इथे पीओई, पॉवर ओव्हर इथरनेट. नेटच्याच केबलमधून कॅमेऱ्याला लागणारी वीजही जाते, शेजारी प्लग पॉइंट लागत नाही. ही वीज सोडतो तो स्विच, म्हणजे नेटच्या सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात तो डबा; दिव्याचं बटण नव्हे.

आमचं मागचं गेट वॉचमनच्या केबिनपासून लांब आहे. एकच केबल टाकून कॅमेरा चालेल का?

केबलची लांबी १०० मीटरच्या आत असेल तर चालेल. पण ही लांबी केबलची, तुमच्या पावलांची नाही. गेट चालत ७० मीटर वाटतं. केबल मात्र रॅकमधून वर छताला जाते, डक्टने पुढे सरकते, कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालते आणि खांबावर चढते, तोवर ११० मीटर होतात. उंच इमारतीत तर हिशेब अजून फसतो. एक मजला साधारण तीन मीटर धरा. तळमजल्यावरून पंधराव्या मजल्यावर जाताना ४५ मीटर नुसते उभेच गेले, आडवं अंतर त्यावर. आम्ही सुतळी किंवा टेप घेऊन, केबल जिथून जाणार त्या वाटेनेच मोजतो. नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा आम्ही धरत नाही.

१०० मीटर ही मर्यादा नक्की कशाची, विजेची की डेटाची?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी जण विचारतात. केबलमधून दोन पाहुणे प्रवास करतात, आणि दोघं वेगवेगळ्या कारणांनी दमतात.

डेटाचा सिग्नल अंतरागणिक क्षीण होतो आणि केबलच्या आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात, त्यातल्या शेजारच्या जोड्यांचा गोंगाट त्यात मिसळतो. केबल टाकण्याच्या मानकात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे, म्हणजे जोडायच्या सुट्या आखूड केबलींचे, मिळून १० मीटर, असे १०० मीटर धरले आहेत. त्यापुढे गेलात म्हणून केबल लगेच मरत नाही. १२० मीटरवरही कधी कधी चित्र दिसतं. पण उन्हात केबल तापली, शेजारी लिफ्टची मोटर सुरू झाली, की चित्र अडकायला लागतं, आणि तो दोष शोधण्यात अख्खा रविवार जातो.

विजेचं दुखणं वेगळं आहे. तारेला रोध असतो. जितकी लांब तार तितका रोध जास्त, आणि जितका करंट जास्त तितकं व्होल्टेज वाटेत गळतं. वीज १०० मीटरला अचानक संपत नाही, ती हळूहळू गळते. व्होल्टेज चढं असेल आणि तार जाड असेल तर ती कितीतरी लांब जाते.

म्हणून लांबच्या कॅमेऱ्याची तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो: वीज पोचत नाहीये की डेटा? कॅमेरा सारखा बंद-चालू होत असेल तर बहुधा वीज कमी पडतेय. कॅमेरा चालू आहे, दिवा पेटतोय, पण चित्र तुटक येतंय, तर डेटा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की पैसे पाण्यात.

स्विचला कसं कळतं की समोर कॅमेरा आहे? लॅपटॉप लावला तर जळणार नाही का?

मानक पाळणारा स्विच आधी विचारतो, मग देतो. सुरुवातीला तो तारेवर १० व्होल्टच्या आतला हलका दाब टाकतो आणि समोर २५ किलोओमचा ओळखीचा रोध आहे का ते पाहतो. तो सापडला तर यंत्राला किती वीज लागेल याचा वर्ग ठरतो, आणि मगच ४८ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा सुरू होतो. हा दाब ५७ व्होल्टच्या वर जात नाही. लॅपटॉपमध्ये तो ओळखीचा रोध नसतो, त्यामुळे त्याला वीज मिळतच नाही. चालू केबल उपटली की यंत्राने करंट घेणं थांबवलं हे स्विचला अर्ध्या सेकंदाच्या आत कळतं आणि तो पुरवठा तोडतो.

धोका आहे तो 'पॅसिव्ह' पीओईचा. काही वायरलेस रेडिओंसोबत २४ व्होल्टचा डबा येतो. तो काही विचारत नाही, सरळ वीज ओततो. तसा डबा दुसऱ्या कुठल्या यंत्राला लावून पोर्ट उडाल्याची उदाहरणं आम्ही पाहिली आहेत. असे डबे आम्ही लाल टेप लावून वेगळे ठेवतो. तुम्हीही ठेवा.

डब्यावर एएफ, एटी, बीटी असं लिहिलेलं असतं. कुठलं घ्यायचं?

ही आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३ या इथरनेट मानकातल्या सुधारणांची नावं आहेत. एएफ २००३ सालचं: स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो, यंत्राला १२.९५ वॅट मिळण्याची हमी. एटी २००९ सालचं: ३० वॅट निघतात, २५.५ पोचतात. बीटी २०१८ सालचं. ते चारही जोड्यांतून वीज पाठवतं आणि ६० किंवा ९० वॅट सोडतं, पैकी ५१ किंवा ७१.३ पोचतात.

निघालेल्या आणि पोचलेल्या आकड्यांतला फरक ही स्विचची लबाडी नाही. तो १०० मीटर तारेत उष्णता होऊन जाणारा भाग आहे. एटीचंच पाहा. १०० मीटरला १२.५ ओम रोध, ०.६ अँपिअर करंट, म्हणजे ४.५ वॅट वाटेत गेले.

साध्या स्थिर कॅमेऱ्याला एएफ पुरतं. गोल फिरणारा, झूम करणारा कॅमेरा आणि बरेचसे नवे वाय-फाय अॅक्सेस पॉइंट यांना एटी लागतं. सोसायटीत बीटी लागेल असं यंत्र क्वचितच असतं, दुकानदार कितीही म्हणो.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात: स्विचचं एकूण बजेट. आठ पोर्टचा स्विच आहे, पण सगळ्या पोर्टचे मिळून ६५ वॅटच तो देऊ शकतो. आठ कॅमेरे रात्री प्रत्येकी १० वॅट मागायला लागले की मागणी ८० होते. मग स्विच शेवटच्या पोर्टचा बळी देतो, आणि तो नेमका मागच्या गेटचा निघतो.

कॅमेरा दिवसभर नीट चालतो, संध्याकाळी सात वाजले की बंद. कॅमेरा खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. गोरेगावच्या एका सोसायटीत आम्हाला हीच तक्रार आली होती. केअरटेकर म्हणाले, "साहेब, कॅमेरा रात्री झोपतो आणि सकाळी आपोआप उठतो." आमच्या आधी आलेल्याने कॅमेरा दोनदा बदलून दिला होता. नवाही झोपायचा.

खांबावर चढून डबा उघडला तेव्हा उलगडा झाला. तिथे पीओई नव्हतंच. केबिनमध्ये १२ व्होल्टचा अॅडाप्टर होता आणि त्याची वीज नेटच्या केबलमधल्या निळ्या आणि तपकिरी जोडीतून ८० मीटर लांब पाठवली होती. केबल हलकी. जाऊन-येऊन रोध १० ओमच्या घरात.

आता हिशेब पाहा. दिवसा कॅमेरा अडीच वॅट घेत होता. तेवढ्यासाठी पाव अँपिअरहून थोडा जास्त करंट लागतो, वाटेत पावणेतीन व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्यापाशी नऊ-सव्वानऊ व्होल्ट पोचतात. कॅमेरा कसाबसा तग धरतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी पाच वॅटवर जाते. पण १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून १० ओमच्या तारेपलीकडे जास्तीत जास्त ३.६ वॅटच निघू शकतात. त्याहून जास्त मागितलं की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद पडतो. दिवे विझले की मागणी उतरते, कॅमेरा परत उठतो, परत दिवे लावतो, परत पडतो. पहाटेपर्यंत हाच खेळ.

त्याच केबलवर ४८ व्होल्टचा पीओई लावला. पाच वॅटसाठी आता ०.१ अँपिअरच करंट लागतो, वाटेत जेमतेम एक व्होल्ट जातो. व्होल्टेज चौपट केलं की करंट चौथाई होतो आणि तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. कॅमेरा जुनाच ठेवला, तो पीओईवर चालणाराच होता. आधीच्या माणसाला दुकानात अॅडाप्टर स्वस्त मिळाला, एवढंच.

केबल अस्सल तांब्याची आहे हे कसं ओळखायचं?

लॅमिंग्टन रोडवर गेलात तर एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन पेट्या निम्म्या फरकाच्या भावात दिसतील. स्वस्त पेटीतली तार बहुधा सीसीए असते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. डेटा थोड्या अंतरावर चालून जातो, म्हणून फसवणूक लगेच कळत नाही. पीओई लावलं की कळते. शिवाय अशी तार ठिसूळ असते, दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि जॅकमध्ये दाबलेला सांधा समुद्राच्या हवेत लवकर सैल होतो आणि गंजतो.

ओळखायचे काही मार्ग. ब्लेडने तार खरवडा: आत चंदेरी दिसली तर समजून जा. लोहचुंबकाने अॅल्युमिनियम पकडलं जात नाही, त्यामुळे 'चुंबक चिकटला नाही म्हणजे तांबं' हा समज चुकीचा. चुंबक चिकटलाच तर आत पोलाद आहे, ते आणखी वाईट. पेटी उचलून पाहा: ३०५ मीटरच्या २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) कॅट-६ केबलच्या पेटीत नुसत्या तांब्याचंच वजन साडेपाच किलोच्या वर भरतं, सीसीएची पेटी हाताला लगेच हलकी लागते.

पण आमचा भरवसा मल्टिमीटरवर. नवीन पेटी उघडली की आतल्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळायच्या आणि बाहेरच्या टोकाला त्यांचा रोध मोजायचा. ३०५ मीटर २४ गेज तांब्याला ५० ओमच्या आसपास आकडा येतो, २३ गेजला ४० च्या आसपास. मीटर २४ गेजला ७५-८० दाखवत असेल तर पेटी तशीच बंद करून दुकानात परत. दुकानदार आधी वाद घालतो, मीटर काउंटरवर ठेवला की घालत नाही.

केबलच्या मध्येच इन्जेक्टर लावला तर अंतर वाढेल का?

नाही. इन्जेक्टर फक्त वीज मिसळतो, डेटाला तो हातही लावत नाही. डेटाचे १०० मीटर इन्जेक्टरच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिळूनच मोजायचे. साध्या स्विचला पीओई देता येत नाही तेव्हा इन्जेक्टर वापरतात, आणि त्याची जागा स्विचशेजारी, यूपीएसजवळ.

मग एक्स्टेंडर?

तो वेगळा. एक्स्टेंडर डेटा पूर्ण वाचून नव्याने पाठवतो, त्यामुळे पुढचे १०० मीटर पुन्हा मिळतात. स्वतःची भूक तो केबलमधल्या विजेतूनच भागवतो, उरलेली पुढे देतो. म्हणून मागे एटी स्विच असेल तर पुढे एएफचा कॅमेरा सुखाने चालतो. एक एक्स्टेंडर ठीक, दोनही चालतात. साखळीत तिसरा लावायची वेळ आली की आम्ही फायबरचा, म्हणजे प्रकाशातून डेटा नेणाऱ्या काचेच्या तारेचा, विषय काढतो. प्रत्येक डबा म्हणजे पावसात बंद पडायची एक जास्तीची जागा, आणि तो नेहमी अशाच ठिकाणी लावलेला असतो जिथे शिडी पोचत नाही.

स्विचवर 'एक्स्टेंड' लिहिलेलं बटण आहे, २५० मीटर म्हणतात. खरं का?

कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या स्विचवर ते असतं. बटण दाबलं की त्या पोर्टचा वेग १० मेगाबिटवर उतरतो. वेग कमी म्हणजे सिग्नलची वारंवारिता कमी, म्हणून तो लांब जातो. चार मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला काही मेगाबिटच लागतात, त्याला हे पुरतं. पण ही उत्पादकाची सोय आहे, मानकात २५० मीटर कुठेच नाहीत, आणि तो आकडा चांगल्या तांब्याच्या केबलवर आहे. वीजही २५० मीटरला अडीचपट गळणार. वाय-फायच्या अॅक्सेस पॉइंटला हे बटण दाबलंत तर सगळ्या मजल्याला १० मेगाबिटमध्ये भागवावं लागेल. मग शिव्या आम्हाला.

फायबर टाकलं तर अंतराचा प्रश्नच मिटतो ना?

डेटाचा मिटतो, विजेचा नवा सुरू होतो. सिंगल-मोड, म्हणजे लांब पल्ल्याच्या, फायबरमधून साध्या, स्वस्त मॉड्यूलनेही डेटा १० किलोमीटर सहज जातो. तुमच्या कंपाउंडला तेवढी गरजच नाही. पण काचेतून वीज जात नाही. लेझरचा प्रकाश पाठवून पलीकडे सौरपट्टीसारख्या सेलने वीज करायची युक्ती आहे, पण त्यातून मिळणारी वीज अगदी थोडी आणि किंमत भारी. उच्च दाबाच्या उपकेंद्रांसारख्या जागी ती शोभते, तुमच्या गेटला नाही.

त्यामुळे पलीकडच्या टोकाला वीज हवीच. तीन रस्ते आहेत. तिथे आधीच २३० व्होल्टचा पॉइंट असेल, उदाहरणार्थ पंपरूममध्ये, तर तिथे छोटा पीओई स्विच आणि यूपीएस ठेवायचा आणि तिथून आसपासच्या कॅमेऱ्यांना केबली काढायच्या. दुसरा रस्ता संकरित केबलचा: एकाच आवरणात फायबरही आणि वीज नेणाऱ्या जाड तांब्याच्या दोन ताराही. वीज ६० व्होल्टच्या आतली डीसी, तार नेटच्या तारेहून कितीतरी जाड, त्यामुळे काही शे मीटर निभावतं. तिसरा म्हणजे सौरपॅनल आणि बॅटरी. मुंबईच्या पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेवढी बॅटरी धरलीत तर चालेल, नाहीतर जुलैत कॅमेरा शोभेला.

फायबरचा हिरवा जॅक आणि निळा जॅक एकमेकांना लावू नका. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतात दोन्ही, पण प्रकाश वाटेत सांडतो.

ए विंग आणि बी विंगमध्ये ६० मीटरच अंतर आहे. तिथे तांब्याची केबल का नको म्हणता?

लांबी बसते, हे खरं. अडचण अर्थिंगची आहे. दोन इमारतींचे मीटर वेगळे, अर्थिंगचे खड्डे वेगळे. आकाशातली वीज जमिनीत उतरली की दोन खड्ड्यांच्या पातळीत क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि त्या क्षणी दोन विंगांना जोडणारी सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमची नेटची केबल. वीज थेट केबलवर पडायची गरजच नाही, जवळपास पडली तरी पुरते.

जूनच्या पहिल्या गडगडाटी रात्री आमच्याच एका कामात हे झालं. आम्हीच ओढलेली केबल होती, दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. समितीने फायबरचा खर्च वाचवायला सांगितलं आणि आम्ही ऐकलं. सकाळी दोन्ही टोकांचे स्विच मेलेले, रेकॉर्डरचा पोर्ट काळा पडलेला. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये फायबरच. तेही शक्यतो पोलादी पत्रा नसलेलं. घुशींच्या भीतीने चिलखती फायबर घेतलंच तर त्याचा पत्रा अर्थिंगला जोडावा लागतो, नाहीतर काच टाकून परत धातूचीच वाट तयार केली.

तांबंच टाकायचं असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक आलेला जास्तीचा दाब जमिनीत उतरवणारे डबे, लावा आणि ते आखूड, जाड तारेने अर्थला जोडा. अर्थला न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे भिंतीवर टांगलेला ताईत.

पावसाळ्यात दरवर्षी एक-दोन कॅमेरे जातात. उपाय?

बहुतेक कॅमेरे पाण्याने मरत नाहीत, जॅक मरतो. केबलच्या आवरणाला कुठे चीर पडली की पाणी आत शिरतं आणि तारांमधल्या फटीतून झिरपत उताराला जातं. आम्ही खांबावरचा डबा उघडला आणि केबलच्या टोकातून थेंब थेंब पाणी पडताना पाहिलं आहे. चीर वीस मीटर लांब, गच्चीच्या कठड्यावर होती. जॅकमध्ये ओलावा आणि ४८ व्होल्ट डीसी एकत्र आले की सोनेरी पिना हिरव्या पडतात. खारी हवा असेल, वर्सोवा, माहीम, कुलाबा, तर हे काम एका मोसमात होतं.

घरातली राखाडी केबल बाहेर वापरू नका. बाहेरची केबल काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची असते, ऊन सोसते, आणि चांगल्या प्रकारात आत पाणी अडवणारी जेल असते. डब्यात केबल खालून घ्या, ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी घट्ट चकती) लावून. डब्याच्या आधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे वरून आलेलं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, आत जाणार नाही. डब्यात लोंबकळलेला जॅक नुसता चिकटपट्टीत गुंडाळू नका. चिकटपट्टी पाणी बाहेर ठेवण्यापेक्षा आत कोंडून ठेवते.

मे महिन्यात गच्चीवरची केबल हात लावू नये इतकी तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, सिग्नलही जास्त क्षीण होतो. म्हणून गच्चीवरून जाणारी केबल आम्ही १०० मीटरला ताणत नाही, ८५ च्या आत ठेवतो.

केबल लिफ्टच्या डक्टमधून नेली तर सोपं पडेल?

सोपं पडेल, पण नेऊ नका. लिफ्टच्या डक्टमध्ये लिफ्टशिवाय दुसऱ्या कसल्या तारा नसाव्यात, आणि मोटरच्या केबलींचा गोंगाट डेटात उतरतो. लिफ्टच्या आतल्या कॅमेऱ्याची सोय लिफ्ट कंपनीच्या माणसाबरोबर बसून करायची. विजेच्या मेन लाइनसोबतही नेटची केबल एकाच पाइपात घालू नका. ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

इमारतीत जुन्या कॅमेऱ्यांची कोऍक्स केबल आहे. भिंत न फोडता काही होईल?

होईल, आणि जुन्या इमारतींत हा उपाय आम्हाला आवडतो. कोऍक्स म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी, मध्ये एकच तार असलेली गोल केबल. कोऍक्सच्या दोन्ही टोकांना एकेक रूपांतरक लावला की त्यातूनच इथरनेट आणि वीज जाते, आणि अंतर १०० मीटरच्या बरंच पुढे मिळतं. कोऍक्सच्या मधल्या तारेत तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद, हे आधी पाहा. पोलाद असेल तर डेटा जाईल, वीज अडखळेल. इथे चुंबक खरंच कामाला येतो.

लाइट गेली की?

पीओईचा सगळ्यात मोठा फायदा इथेच. सगळ्यांची वीज एका स्विचमधून जाते, म्हणून एका यूपीएसवर सगळे कॅमेरे चालतात. फक्त रेकॉर्डर आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. कॅमेरे जागे आणि रेकॉर्डर झोपलेला, असंही पाहिलंय.

गणपतीच्या मंडपात दहा दिवसांसाठी कॅमेरे लावायचे आहेत. काय करावं?

मंडपात पीओईच बरा. पताका आणि कापड यांच्या गर्दीत जागोजागी २३० व्होल्टचे बोर्ड लटकवण्यापेक्षा ५७ व्होल्टच्या आतली केबल केव्हाही सुरक्षित. कोरड्या हाताला त्याचा झटका सहसा जाणवत नाही, तरी ओल्या हाताने जॅक उपसू नका. स्विच एका कोपऱ्यात, पाण्यापासून उंच, कुलूपबंद डब्यात ठेवा. केबल कमानीवरून न्या, गर्दीच्या पायाखालून नको. रस्ता ओलांडायचा असेल तर केबल किती उंचीवरून जाईल ते परवानगी घेतानाच बोलून घ्या. विसर्जनाची ट्रॉली आणि मूर्तीची उंची डोळ्यासमोर ठेवा. आणि केबल नंतर गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी तीच.

मोबाइल कंपन्या गच्चीवरच्या रेडिओला वीज कशी देतात? तेच करता येणार नाही का?

तत्त्व तेच. रेडिओला खालून फायबर जातं आणि सोबत उणे ४८ व्होल्टची जाड डीसी केबल. उणे अशासाठी की धन टोक जमिनीला जोडलं की तांबं कमी झिजतं. ही टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातली शहाणी सवय आहे. करंट मोठा, म्हणून तारा बोटाएवढ्या.

याचं टोक पाहायचं असेल तर वर्सोव्याला जा. तिथल्या वाळूखालून आंतरराष्ट्रीय केबली समुद्रात उतरतात. समुद्रतळावर दर पन्नास-शंभर किलोमीटरला एक असे प्रकाश वाढवणारे रिपीटर असतात, आणि त्यांना तिथे प्लग पॉइंट कुठला! किनाऱ्यावरून केबलमधल्या तांब्याच्या नळीतून एक अँपिअरच्या आसपासचा स्थिर करंट हजारो व्होल्टच्या दाबाने सोडतात, परतीची वाट समुद्राचीच. म्हणजे काचेतून डेटा आणि शेजारच्या तांब्यातून वीज, आम्ही मागच्या गेटला जी संकरित केबल सुचवतो तिचीच थोरली बहीण.

पाहणीला येण्याआधी आम्ही काय तयार ठेवू?

सध्याच्या स्विचच्या मागच्या पट्टीचा फोटो, त्यावर एकूण वॅट लिहिलेले असतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेबलचा फोटो. कुठल्या डक्टमध्ये आधीच किती केबली आहेत याचा अंदाज. कॅमेरा कधी बंद पडतो याची वेळ कागदावर: रात्री, पावसात, की दुपारच्या उन्हात, या एका नोंदीने आमचा निम्मा वेळ वाचतो. आणि गच्चीची चावी कुणाकडे असते ते आधी विचारून ठेवा. चावीवाले काका गावाला गेलेत म्हणून दहिसरच्या एका सोसायटीतून आम्ही दोनदा शिडी घेऊन परत आलोय.